साखर आठ औंस, अंडं एक: महायुद्धातलं इंग्लिश खेडं कसं चालत होतं

दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्लिश खेड्यांच्या आठवणी भरपूर उपलब्ध आहेत. बीबीसीने 2003 ते 2006 या काळात सामान्य लोकांकडून गोळा केलेल्या एकाच संग्रहात सुमारे 47,000 आठवणी आहेत. त्यातल्या खेड्यांच्या आठवणी वाचायला घेतल्या की त्याच गोष्टी पुन्हापुन्हा भेटतात: अंगावर नावाची चिठ्ठी अडकवलेली शहरातली मुलं, खिडक्यांना काळे पडदे, गावाने मिळून पोसलेलं डुक्कर, मुक्या झालेल्या चर्चच्या घंटा आणि जाम. जाम तर इतक्या वेळा येतो, की खेड्यातल्या बायकांनी सहा वर्षं दुसरं काही केलंच नाही असं वाटावं.

सांगणाऱ्याला जे उघडच वाटतं ते तो सांगत नाही. या प्रत्येक कामामागे एक नियम, एक फॉर्म आणि एक हिशेबाची वही होती. गावाची एकजूट खरी होती, पण ती नुसत्या उत्साहावर टिकली नाही. आधीपासून असलेल्या संस्था, म्हणजे महिला मंडळ, शाळा, चर्च, पॅरिश कौन्सिल (आपल्या ग्रामपंचायतीसारखं मंडळ), आणि वरून आलेले नेमके आकडे, या दोन खांबांवर ती उभी होती. हे खांब दिसले की आठवणी जास्त नीट कळतात. त्यातलं काय जरा सजवलेलं आहे, तेही लक्षात येतं.

एका माणसाच्या वाट्याला काय

युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटन आपलं निम्म्याहून जास्त अन्न बोटींनी बाहेरून आणत होता. जर्मन पाणबुड्या त्या बोटी बुडवू लागल्या आणि जहाजातली प्रत्येक टनाची जागा मोलाची झाली. त्या जागेत सैन्य, तेल, पोलाद यायचं, तर जनावरांच्या खाद्यासारखा जागा खाणारा माल थांबवावा लागणार होता. डुकरं, कोंबड्या कमी करा, कुरणं नांगरा आणि गहू-बटाटा लावा, हे धोरण या हिशेबातून आलं.

29 सप्टेंबर 1939 च्या रात्री प्रत्येक घरातल्या माणसांची नोंदणी झाली. त्या नोंदणीवरून ओळखपत्रं आणि मग रेशनच्या पुस्तिका निघाल्या. 8 जानेवारी 1940 पासून बेकन, लोणी आणि साखर रेशनवर गेली. मार्चमध्ये मांस आलं, जुलैमध्ये चहा, मे 1941 मध्ये चीज. प्रमाण वर-खाली होत राहिलं, पण युद्धाच्या मधल्या वर्षांत एका प्रौढ माणसाला आठवड्याला साधारण असं मिळे: साखर 8 औंस, बेकन 4, मार्गारीन 4, लोणी 2, चहा 2, चीज 2 ते 3 आणि एक अंडं. औंस म्हणजे 28 ग्रॅम. दोन औंस चहात सात दिवस काढायचे, हे लक्षात घेतलं की तीच पत्ती दुसऱ्यांदा उकळण्याचे उल्लेख इतके का येतात ते कळतं.

मांसाचं रेशन मात्र वजनावर नव्हतं, किमतीवर होतं. बराच काळ ते माणशी एक शिलिंग दोन पेन्स होतं. चांगला तुकडा घेतला तर थोडा मिळे, स्वस्त आणि चिवट घेतला तर जास्त. म्हणून त्या आठवणींत तासन्तास शिजवलेल्या रश्शांचा इतका सुकाळ आहे.

या पद्धतीतली खरी हुशारी दुकानाशी केलेल्या नोंदणीत होती. प्रत्येक कुटुंबाने आपली पुस्तिका एका ठरावीक दुकानदाराकडे नोंदवायची. जितकी नावं, तितकाच माल सरकार त्या दुकानाला पुरवणार. त्यामुळे रेशनच्या मालासाठी पहाटेपासून रांग लावण्याचं कारण उरत नसे. तुमचा वाटा तुमच्या नावावर आलेलाच असे. आपल्याकडे रेशनकार्ड एका दुकानाला जोडलेलं असायचं, त्यामागची कल्पना हीच. रांगा लागायच्या त्या रेशनबाहेरच्या वस्तूंसाठी: मासे, सॉसेज, काळीज-कलेजी, संत्री.

डिसेंबर 1941 मध्ये याला गुणांची पद्धत जोडली गेली. डबाबंद पदार्थांसाठी दर चार आठवड्यांना सुरुवातीला 16 गुण, आणि ते कुठल्याही दुकानात चालत. एखाद्या डब्याला फार मागणी आली की सरकार त्याचे गुण वाढवी, पडून राहिला की कमी करी. शहरातल्या गृहिणीला याने निवड मिळाली. खेड्यात दुकान एकच, आणि त्यात काय आलंय ते दुकानदार ठरवणार. पेट्रोल सप्टेंबर 1939 पासून रेशनवर, आणि जुलै 1942 पासून खासगी वापराचं मूळ रेशनही बंद. बसच्या फेऱ्याही घटलेल्या. गुण असूनही ते वटवायला तालुक्याच्या गावी जाणं जमत नसे.

‘खेड्यात चैन होती, अंडी-लोणी मिळायचं’ असं शहरातल्यांच्या आठवणींत सर्रास येतं. ते अर्धं खरं आहे. बटाटे, भाजी, ससे यांवर रेशन नव्हतं, आणि ज्याच्याकडे परसबाग त्याला त्याचा फायदा होताच. पण शहरातल्या कामगाराला कारखान्याच्या कँटीनमध्ये कूपन न देता जेवता येत होतं. शेतमजूर बांधावर बसून डबा खाणार, त्याला कँटीन कुठलं? म्हणून त्याला चीजचं रेशन वाढवून 12 औंसांपर्यंत दिलं गेलं. पुढे 1942 पासून मांसाच्या ‘पाय’ची (pie, म्हणजे कणकेच्या आवरणात मांस भरून भाजलेला पदार्थ) योजना आली: बेकरीत भाजलेल्या पाय महिला स्वयंसेविका गावोगाव पोचवत. ही योजना भरात असताना सुमारे 5,000 खेड्यांत आठवड्याला दहा लाखांहून जास्त पाय वाटल्या जात होत्या. वाटप नेमकं दुपारच्या सुट्टीच्या आत व्हायला हवं. ज्या गावात शेतं लांबवर पसरलेली, तिथे एक सायकल आणि एक टोपली पुरत नसे, आणि पाय थंडगार होऊन पोचत.

मराठी वाचकाला इथे थांबावंसं वाटेल. माणसागणिक वाटा मोजायचा, दुकानागणिक पुरवायचा, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना आधी दूध द्यायचं, हे सगळं ब्रिटिश सरकारला 1940 मध्येच नीट जमत होतं. त्याच सरकारच्या सत्तेखाली 1943 मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने आणि त्यामागून आलेल्या रोगांनी मेली. अंदाज वीस-तीस लाखांच्या घरात जातात. मुंबई शहरात रेशनिंग 1943 मध्ये सुरू झालं, पण बंगालच्या खेड्यांपर्यंत तशी व्यवस्था वेळेत पोचली नाही. कसं करायचं हे माहीत नव्हतं, ही सबब तरी चालणार नाही.

जाम केंद्र

1939 च्या शरद ऋतूत फळं अमाप आली होती आणि ती कुजून जाणार हे दिसत होतं. विमेन्स इन्स्टिट्यूट, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या महिला मंडळांची राष्ट्रीय संघटना. तिने सरकारकडून 350 टन साखर मिळवली आणि सुमारे 450 टन फळं वाचवली. पुढच्या वर्षापासून याला ‘फळ-टिकवण केंद्र’ असं रीतसर रूप आलं. 1940 ते 1945 या काळात अशा केंद्रांनी 5,300 टनांच्या आसपास फळं बरण्यांत आणि डब्यांत भरली.

केंद्र म्हणजे गावचा हॉल, शाळेचं स्वयंपाकघर, नाहीतर एखादी गोठ्याशेजारची खोली. बऱ्याच खेड्यांत नळ आणि वीज दोन्ही नव्हतं, म्हणून पाणी विहिरीवरून आणि आच रॉकेलच्या स्टोव्हवर. साखर अन्न खात्याच्या कचेरीतून मिळे, आणि तिच्यातल्या प्रत्येक पौंडाचा हिशेब द्यावा लागे. दर्जा ठरलेला होता: जाममध्ये घातलेल्या साखरेचं प्रमाण 60 टक्के. म्हणजे 6 पौंड साखरेतून 10 पौंड जाम, साधारण 2.7 किलोतून 4.5 किलो. त्याहून जास्त जाम निघाला तर तो पातळ राहिला आणि टिकणार नाही. कमी निघाला तर जास्त आटवून साखर वाया घालवली. वजन हीच परीक्षा असल्यामुळे मोठा काटा हे केंद्रातलं पातेल्याइतकंच महत्त्वाचं उपकरण होतं.

जाम घट्ट बसतो तो तीन गोष्टींच्या मेळाने: फळातलं पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. आंबट सफरचंद, गूजबेरी, ब्लॅककरंट, डॅमसन यांत पेक्टिन भरपूर असतं. स्ट्रॉबेरी आणि चेरीत कमी. फळ पूर्ण पिकायच्या जरा आधी ते सगळ्यात जास्त असतं, म्हणून ‘खाण्यालायक नाही पण जामला चालेल’ असा माल केंद्राला द्यायची लोकांची सवय घातकी ठरे. फार पिकलेलं, पावसात भिजलेलं फळ आलं की जाम बसत नाही. पेक्टिन तपासायची सोपी पद्धत होती: शिजलेल्या फळाचा चमचाभर रस गार करायचा आणि त्यात तीन चमचे मेथिलेटेड स्पिरिट घालून हलवायचं. एकसंध गोळा झाला तर पेक्टिन पुरेसं. नुसते बारीक तुकडे झाले तर आणखी शिजवा, नाहीतर सफरचंदाचा रस घाला. तपासलेला रस फेकून द्यायचा, तो विषारी होतो.

आधी फळ साखर न घालता मंद आचेवर मऊ शिजवायचं. साखर लवकर घातली तर सालं चिवट होतात, मग कितीही उकळा. मऊ झाल्यावर साखर घालून ती पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, आणि मग मोठ्या आचेवर भराभर उकळायचं, 104-105 अंश सेल्सिअसपर्यंत. थेंब गार बशीवर टाकून बोटाने सरकवला आणि वर सुरकुती पडली की झालं. इथे रॉकेलच्या स्टोव्हची अडचण येई. आच कमी पडली की जाम तासभर रटरटत राहतो, रंग काळपट होतो, चव जळकी येते आणि पेक्टिन मोडून तो पुन्हा पातळच राहतो. म्हणून मोठ्या पातेल्यात एकदम सगळं घालायचा मोह टाळून निम्मं-निम्मं करायचं.

बरण्या आधी गरम केलेल्या हव्यात, नाहीतर तडकतात. गरम जाम ओतल्या ओतल्या त्यावर मेणाच्या कागदाची चकती बसवायची. कोमट झाल्यावर चकती ठेवली की वाफेचं पाणी आत अडकतं आणि तिथूनच बुरशी सुरू होते. बरण्या मिळणं हेच एक मोठं काम होतं. शाळकरी मुलं घरोघर फिरून त्या गोळा करत, आणि मग कुणीतरी सोड्याच्या पाण्यात तासन्तास धूत बसे. 1940 मध्ये अमेरिकेतल्या ग्रामीण बायकांच्या संघटनांकडून सुमारे 500 डबे बंद करायची यंत्रं आली. त्यामुळे साखर न घालताही फळं टिकवता येऊ लागली.

आठवणींत सहसा गाळला जाणारा भाग पुढे आहे. हा जाम बायकांना घरी नेता येत नव्हता. तो दुकानात जाई आणि रेशनवर विकला जाई. करणाऱ्या बाईला हवा असेल तर तिने आपलं कूपन देऊन विकत घ्यायचा. परसातली प्लमची फळं केंद्राला ठरलेल्या भावाने द्यायची, फुकट राबायचं आणि वर जाम विकत घ्यायचा, यावरून कुरबुरी झाल्याच. काही गावांत ‘त्यापेक्षा आम्हाला घरीच साखर द्या’ अशी मागणी होती. सरकारने हंगामात घरच्या जामसाठी थोडी जादा साखर दिलीही, पण केंद्राचा नियम सैल केला नाही. एकदा बरणी घरी जाऊ दिली असती तर साखरेचा हिशेब लागलाच नसता.

रानगुलाबाची फळं

संत्री येईनाशी झाली आणि लहान मुलांच्या क जीवनसत्त्वाचा प्रश्न उभा राहिला. कुंपणाकुंपणावर वाढणाऱ्या रानगुलाबाच्या लाल फळांत ते संत्र्यापेक्षा कितीतरी पट असतं. 1941 पासून शाळा, स्काउट आणि महिला मंडळं ती गोळा करू लागली. मुलांना पौंडामागे दोन-तीन पेन्स मिळत. दर शरद ऋतूत शेकडो टन फळं सरबताच्या कारखान्यांकडे जात.

घरी करण्यासाठी अन्न खात्याने दिलेली कृती आजही वापरण्यासारखी आहे, कारण तिच्यातल्या प्रत्येक पायरीला कारण आहे. 2 पौंड, म्हणजे 900 ग्रॅम फळांसाठी 3 पाइंट (1.7 लिटर) पाणी आधी उकळत ठेवायचं. फळं जाडसर कुटायची ती पाणी उकळल्यावरच, आणि लगेच त्यात टाकायची. कुटलेलं फळ हवेत राहिलं तर त्यातलीच विकरं क जीवनसत्त्व खाऊन टाकतात, उकळत्या पाण्यात ती मरतात. पुन्हा एक उकळी आली की आच बंद करून पंधरा मिनिटं ठेवायचं आणि जाड कापडातून गाळायचं. चोथ्यात दीड पाइंट (850 मिली) उकळतं पाणी घालून हेच पुन्हा करायचं. दोन्ही रस एकत्र करून दीड पाइंट उरेपर्यंत आटवायचे, सव्वा पौंड (560 ग्रॅम) साखर घालून पाच मिनिटं उकळायचं आणि गरम, निर्जंतुक बाटल्यांत भरून बूच घट्ट लावायचं.

तांब्याचं किंवा लोखंडाचं भांडं नको, त्या धातूंनी जीवनसत्त्व नष्ट होतं. बाटल्या लहान घ्यायच्या, कारण उघडल्यावर सरबत आठवडा-दोन आठवडेच टिकतं. आणि गाळणीत कंजूषपणा करायचा नाही: फळाच्या आत बारीक टोकदार केस असतात, ते घशाला आणि आतड्याला टोचतात. शाळकरी मुलं तेच केस मित्राच्या मानेवर खाजरी पूड म्हणून टाकत. सरबतापेक्षा ही खोडीच लोकांच्या जास्त लक्षात राहिली, हे साहजिक आहे.

सगळ्यांचं डुक्कर

खाद्य आयात बंद, म्हणून डुक्कर वाढवायचं तर घरच्या खरकट्यावर. 1940 मध्ये लहान डुक्करपालकांसाठी एक परिषद स्थापन झाली आणि गावोगाव डुक्कर मंडळं निघाली. युद्ध संपेपर्यंत ती सुमारे 6,900 झाली. मंडळातून थोडं सरकारी खाद्य मिळे, बाकी पोट भरायचं ते बटाट्याच्या साली, कोबीची पानं, गळून पडलेली सफरचंदं आणि शाळेतलं उरलंसुरलं यांवर. खरकटं तासभर उकळणं सक्तीचं होतं, कारण त्यातल्या कच्च्या मांसाच्या तुकड्यांतून रोग पसरत. खरकट्यात धुण्याचा सोडा किंवा खारवलेल्या मांसाचं मिठाचं पाणी गेलं तर डुक्कर विषबाधेने मरे. म्हणून गोळा करणाऱ्या बाईला प्रत्येक बादलीत डोकावून बघावं लागे.

कापायलाही परवाना लागे. अन्न कचेरीकडून तो घ्यायचा, बदल्यात कुटुंबाने आपली बेकनची कूपनं सोडायची, आणि एका घराला वर्षाकाठी दोनच डुकरांची मुभा. कोंबड्यांचंही असंच: अंड्यांची नोंदणी रद्द करून घेतली तर त्या बदल्यात कोंबड्यांसाठी पेंड मिळे. एकदा कूपन सोडलं की डुक्कर आजारी पडलं तरी दुकानातून बेकन मिळणार नाही, हा धोका ज्याचा त्याने घ्यायचा.

मांस थंडीत खारवायचं. बाजूचे पट्टे मिठात साधारण दोन-तीन आठवडे, मांडी आणखी जास्त. बिघडायचं ते नेहमी मांडीच्या हाडाजवळ: वरून मीठ चोळलं तरी आत पोचायच्या आधीच तिथे वास धरतो. म्हणून अनुभवी माणूस हाडाच्या सांध्यात बोटाने मीठ दाबून भरी. आणि परवान्याशिवाय रात्रीत कापलेलं दुसरं डुक्कर? त्याच्या गोष्टी जवळजवळ प्रत्येक गावात आहेत. आता त्या हसत सांगितल्या जातात, पण तेव्हा तो सरळसरळ काळाबाजार होता आणि पकडलं तर खटला होई.

चिठ्ठी लावलेली मुलं

1 ते 3 सप्टेंबर 1939 या तीन दिवसांत बॉम्बहल्ल्याच्या भीतीने सुमारे 15 लाख माणसं शहरांतून बाहेर काढली गेली. त्यात आठ लाखांवर शाळकरी मुलं होती, आणि पाच लाखांवर आया आणि त्यांची लहान मुलं. शहरं सोडायची योजना उत्तम होती, पोचायची नव्हती. गाड्या भरतील तशा सुटल्या. ज्या गावाने शंभर शाळकरी मुलांची तयारी केली होती, तिथे तान्ह्या बाळांना घेऊन आया उतरल्या.

गावात एक निवास अधिकारी असे, बहुधा शिक्षक नाहीतर पाद्र्याची बायको. कुणाच्या घरी किती खोल्या, याची यादी त्याच्याकडे आधीच असे आणि सक्ती करण्याचा अधिकारही. यादीप्रमाणे मुलं वाटली तर ठीक. पण पुष्कळ ठिकाणी मुलांना हॉलमध्ये उभं केलं आणि गावकऱ्यांनी निवडून घेतलं. शेतकऱ्यांनी धडधाकट मुलगे उचलले, बायकांनी नीटनेटक्या मुली. शेवटी उरायची ती भावंडं, जी वेगळी व्हायला तयार नव्हती. कोणी निवडलंच नाही, ही आठवण सत्तर वर्षांनंतरही तितकीच ठसठशीत सांगितली गेली आहे.

ठेवून घेणाऱ्याला एका मुलामागे आठवड्याला 10 शिलिंग 6 पेन्स, एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकी 8 शिलिंग 6 पेन्स, पोस्टातून मिळत. यात जेवण-राहणं धरलेलं होतं, कपडे आणि औषध नाही. आई मुलांसह आली तर फक्त जागेचे पैसे: तिचे 5 शिलिंग, प्रत्येक मुलाचे 3. स्वयंपाक तिने तिचा करायचा. म्हणजे एका चुलीवर दोन अनोळखी बायका. उवा, अंथरूण ओलं करणं, गावच्या परसातले अंधारे संडास, यावरून तक्रारी झाल्या. पण बहुतेक आया परत गेल्या त्या या चुलीच्या कटकटीने, आणि बॉम्ब पडत नव्हते म्हणून. जानेवारी 1940 पर्यंत एकट्या आलेल्या मुलांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त आणि आयांपैकी बहुसंख्य शहरात परतल्या होत्या. शहरांवर बॉम्ब पडायला लागले ते त्यानंतर, 1940 च्या उत्तरार्धात, आणि मग पुन्हा गाड्या भरल्या.

शाळा दोन पाळ्यांत चालली: सकाळी गावची मुलं, दुपारी शहरातली. अर्धा दिवस मोकळ्या असलेल्या मुलांचं काय करायचं? उत्तर बहुधा बटाट्याच्या शेतात सापडे.

अंधार, घंटा, नांगर

शत्रूच्या विमानांना दिवे दिसू नयेत म्हणून काळोखाचा नियम 1 सप्टेंबर 1939 पासून लागू झाला. काळं कापड महाग आणि दुर्मीळ, म्हणून लाकडी चौकटीवर डांबरी कागद ठोकून रोज संध्याकाळी खिडकीत बसवायचा. कडेची फट हीच कायमची अडचण. चर्चच्या उंच खिडक्या झाकणं शक्यच नव्हतं, तेव्हा हिवाळ्यात संध्याकाळची प्रार्थना दुपारी आली. 1941 पासून उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे ठेवलं गेलं. (भारतातही 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 घड्याळ एक तास पुढे होतं.) रात्री दहापर्यंत कापणी करता येऊ लागली, पण सकाळी दव वाळेपर्यंत कापणी सुरूच होत नसे, त्यामुळे मजुरांचा दिवस दोन्हीकडून ताणला गेला.

14 मे 1940 रोजी युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून स्थानिक संरक्षक दलाची घोषणा केली. जुलैमध्ये त्याचं नाव होमगार्ड झालं आणि जुलैअखेर संख्या दहा लाखांच्या वर गेली. हेच नाव आपल्याकडे डिसेंबर 1946 मध्ये मुंबई प्रांतात आलं. मेअखेरीपासून रस्त्यांवरच्या पाट्या काढल्या, दुकानांवरची गावाची नावं पुसली. जून 1940 मध्ये घंटा वाजवायला बंदी आली: वाजल्या तर शत्रू उतरला असं समजायचं. 7 सप्टेंबर 1940 च्या रात्री सावधगिरीचा एक सांकेतिक आदेश चुकीचा समजला गेला आणि काही गावांत घंटा वाजल्याच. यात आणखी एक खोच होती. इंग्लिश चर्चची घंटा पूर्ण चाकावर फिरते, तिचं वजन शेकडो किलो असतं आणि दोर ओढायला शिकावं लागतं. न शिकलेला माणूस दोराबरोबर वर फेकला जाऊ शकतो. शिकलेले तरुण सैन्यात गेलेले. 15 नोव्हेंबर 1942 रोजी इजिप्तमधल्या अल अलामीनच्या विजयासाठी देशभर घंटा वाजवायचं ठरलं, तेव्हा कित्येक मनोऱ्यांत पुरेसे वाजवणारेच नव्हते. बंदी 1943 मध्ये उठली.

जमिनीची गोष्ट मात्र एवढी गमतीची नाही. प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, युद्ध कृषी समिती होती आणि तिला ‘हे कुरण नांगर’ असा हुकूम देता येई. एकराला 2 पौंड अनुदान होतं. 1944 पर्यंत नांगरटीखालची जमीन जवळजवळ निम्म्याने वाढली, आणि त्या कामात 1943 मध्ये 80,000 वर तरुणी शेतसेनेत, म्हणजे शेतीकामासाठी उभारलेल्या महिलांच्या दलात होत्या. समितीत बसत ते त्याच भागातले मोठे शेतकरी. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या शेतीची प्रत ठरवायची, आणि हुकूम मोडला तर शेत काढून घ्यायचं. हॅम्पशरमध्ये 1940 साली जमीन सोडायला नकार देणारा एक शेतकरी पोलिसांच्या वेढ्यात गोळीबारात मेला. काही गावं तर पूर्णच उठवली. विल्टशरमधल्या इंबरच्या लोकांना नोव्हेंबर 1943 मध्ये गाव सोडायचा हुकूम मिळाला. डॉर्सेटमधल्या टाइनहॅमच्या 225 रहिवाशांनी त्याच डिसेंबरात घरं सोडली. सैन्याच्या सरावासाठी गेलेली ही गावं परत मिळालीच नाहीत.

तारखा ताडून पाहा

त्या काळच्या आठवणी वाचताना किंवा तिथे राहणाऱ्या कुणा वृद्ध शेजाऱ्याशी बोलताना काही खुणा उपयोगी पडतात. युद्धात पावाचं रेशन होतं असं कोणी म्हणालं, तर ती आठवण 1946 ते 1948 मधली असते. युद्ध चालू असताना पाव खुला होता, फक्त 1942 पासून कोंडा जास्त ठेवलेला करडा ‘राष्ट्रीय पाव’ मिळे आणि तो कुणालाच आवडत नसे. गोळ्या-चॉकलेटं जुलै 1942 मध्ये रेशनवर गेली आणि कायमची सुटली ती फेब्रुवारी 1953 मध्ये. 1949 मध्ये काही महिने मोकळीक दिली होती, पण दुकानं इतकी भराभर रिकामी झाली की रेशन परत आणावं लागलं. मांसाचं बंधन 4 जुलै 1954 पर्यंत होतं. 1945 मध्ये पाच वर्षांचं असलेलं मूल रेशन संपताना चौदा वर्षांचं होतं, त्यामुळे त्याच्या ‘युद्धातल्या’ आठवणींत शांतताकाळ मिसळलेला असणारच.

केळ्यांची आयात 1940 च्या अखेरीस थांबली आणि पहिलं जहाज 30 डिसेंबर 1945 रोजी एव्हनमथ बंदरात आलं. 1943 च्या वाढदिवसाला केळ्याची सँडविचं खाल्ल्याचं कोणी सांगितलं, तर ती बहुधा उकडून कुस्करलेल्या पार्सनिपच्या कंदाची असत. त्यात थोडी साखर आणि केळ्याच्या इसेन्सचे दोन थेंब. खरं केळं कधी न खाल्लेल्या मुलांना त्यात फरक कळायचं कारणच नव्हतं.